तिकडचं

पिओरियात त्या शनिवारी बर्फ वितळून
नुसता चिखल उरला होता.
बूट दाराशी काढून मी मंदाकिनी खिस्तींच्या
स्वयंपाकघरात बसलो, फॉर्म टेबलावर पसरून.
शेजारच्या खोलीत पाळणाघराची चार पोरं
दुपारची झोपली होती, म्हणून हळू बोलत होतो.
हे सांगतोय, कारण पुढे मला विचारलं गेलं,
अर्जदाराला प्रश्न नीट ऐकू आला होता का.

अरविंदरावांची ट्रॅक्टरच्या कारखान्यातली नोकरी
दिवाळीच्या आठवड्यात गेली, तिच्यामागून विमाही.
आता स्वतःच्या खिशातून घ्यायचा.
प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत,
आणि मधे मी, कंपनीचं निळं पेन घेऊन.

तेविसावा प्रश्न.
छाती, हृदय, कधी तपासणी, कुठे?
बाई म्हणाल्या, "धडधडतं कधीतरी.
मिरजेला भावाकडे गेले होते ना,
तेव्हा एकदा पट्टी काढली होती.
डॉक्टर म्हणाले, बघू पुढे."
मी घड्याळ पाहिलं.
ब्लूमिंग्टनला अजून एक घर होतं, चाळीस मैलांवर.
म्हटलं, "तिकडचं इकडे धरत नाहीत,"
आणि 'नाही'च्या चौकोनात फुली मारली.
केवढासा असतो तो चौकोन.
तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर बाहेर येईल.

शेवटच्या पानावर त्यांनी सही केली,
मराठीत. मी म्हटलं, चालेल.

मग अकरा हप्ते गेले, तीन तारखेला, न चुकता.
हप्ते घेताना कुणी
नकाशात मिरज शोधली नाही.

बाई जिन्यात बसल्या त्या उठेनात.
इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीने विचारलं,
पूर्वी कधी असं?
बाईंनी तेच सांगितलं. मिरज, भाऊ, पट्टी.
मुलीने शब्दन् शब्द उतरवून घेतला.
दोनदा बोलल्या त्या खरं.
एकदाच कागदावर आलं,
आणि तेवढ्यानेच बुडाल्या.

पत्र दोन पानी, अतिशय सभ्य.
पॉलिसी रद्द. आजपासून नव्हे, पहिल्या दिवसापासून.
म्हणजे ती कधी नव्हतीच.
सोबत अकरा हप्त्यांचा चेक, सेंटांसकट.
इस्पितळाचं बिल मात्र होतं,
ते नव्हतं असं कुणी म्हणालं नाही.

मला फोन आला.
बोलणं रेकॉर्ड होतंय, म्हणाले.
अर्जदाराने तुम्हाला तोंडी काही सांगितलं होतं?
हो म्हणावं तर माझं लायसन्स,
नाही म्हणावं तर बाई खोट्या.
मी म्हटलं, आठवत नाही.
मराठीत किती निरुपद्रवी वाक्य आहे हे,
डबा विसरला, छत्री विसरली, तसलं.
इंग्रजीत ते जबाबात जातं.

रात्री स्वतःशी भांडतो.
फॉर्मवर छापलेलं आहे, वाचून सही करा.
त्यांनी वाचायला हवं होतं.
वाचून दाखवणारा कोण होता, हे पुन्हा मलाच आठवतं.
आणि कंपनीने तेव्हाच कागद मागवले असते तर?
तर मी मागवू दिले असते का?
ब्लूमिंग्टनच्या घराने पॉलिसी घेतली नाही,
हेही सांगून टाकतो.

काल गेलो. चिवड्याची बशी पुढे आली.
अरविंदराव माझ्याकडे न बघता गाडी पुसायला निघून गेले,
एवढ्या थंडीत.
बाई म्हणाल्या, "तुमचं काय हो, सही माझीच."
शिव्या दिल्या असत्या तर
चिवडा गिळता तरी आला असता.

टेबलावर नवा फॉर्म होता,
इस्पितळाकडे बिलात सवलत मागायचा.
मी सवयीने पेन काढलं.
"नको," त्या म्हणाल्या, "मीच लिहिते आता."
एकेक अक्षर सुटं, मोठ्ठं,
शाळेच्या पाटीवर काढावं तसं.
आजाराच्या रकान्यापाशी थांबल्या.
"मिरजचं स्पेलिंग सांगा बरं."

एम, मी म्हटलं. आय. आर.
शेजारच्या खोलीत आता एकही पोर नव्हतं,
तरी मी हळूच सांगत होतो.