चुन्यातले शिंपले

टॅलो पॉइंटचा इतिहास विचारायला
दर ऑक्टोबरात शाळेची मुलं येतात,
पेन्सिली चावत, ओळीनं.
मी त्यांना आधी धुणीघराची भिंत दाखवते.
नखानं खरवडा, म्हणते.
चुना भुरभुरतो, आणि त्यात
करंगळीच्या नखाएवढा शिंपल्याचा तुकडा,
भट्टीतून निसटलेला.

हे कुणाचं तरी जेवण होतं.
या खडकावर बसून पिढ्यान् पिढ्या
ज्यांनी कालवं फोडून खाल्ली
त्यांच्या शिंपल्यांचा ढीग पुरुषभर उंच होता.
गलबतं आली, ढीग भट्टीत गेला,
चुना झाला, घरं उभी राहिली.
नोंदवहीत एवढंच आहे:
शिंपले, चाळीस गाड्या, फुकट.
जेवणाऱ्यांची नावं?
मुलं विचारतात. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
मी पान उलटते.

पुढच्या पानावर चरबी.
खाडीच्या तोंडाशी मेंढ्या उकळायचे, मेणबत्त्यांसाठी.
वारा फिरला की पलीकडच्या टेकडीवरच्या बाया
नाकाला रुमाल लावून खिडक्या ओढून घेत
आणि रात्री त्याच चरबीच्या उजेडात
प्रेमाच्या कादंबऱ्या वाचत.
टॅलो म्हणजे चरबीच. नाव तिथून पडलं.
‘मोती उपसागर’ करा, असा ठराव दोनदा आला,
दोन्हीदा एका मतानं पडला.
पहिल्यांदा ते मत माझ्या सासऱ्यांचं होतं,
दुसऱ्यांदा माझं.

हाल्वर्ड टोर्गेर्सन दाढ काढायला म्हणून उतरला
आणि परत जहाजावर चढलाच नाही.
त्यानं एकोणीस होड्या बांधल्या,
आणि देवळाचं छप्पर, कारण दुसरं कुणी नव्हतं.
होडीशिवाय त्याला काही येत नव्हतं.
वर बघा: फासळ्या, कणा, सगळं तेच, फक्त पालथं.
वादळाच्या रविवारी मी आत बसते तेव्हा
वाटतं, बुडालोय आपण केव्हाच,
आणि छान कोरडे आहोत.

मग गोदी, कोळसा, भोंगे.
मग अकरा आठवड्यांचा संप.
माल्टाहून आलेल्या जुझेप्पा झेर्रीची खानावळ होती
फेरीबोटीच्या धक्क्यापाशी.
तिची उधारीची वही माझ्या कपाटात आहे,
रश्श्याच्या डागांसकट.
संप मिटला त्या रात्री तिनं एकेका नावावर रेघ मारली.
बहात्तर नावं. पैसे कुणाकडे मागितले नाहीत.
एक नाव तेवढं तसंच:
एडगर प्लाउमन, तीन शिलिंग.
तो नवव्या आठवड्यात कामावर गेला होता.
घरी आजारी मूल होतं, असं काहीजण सांगतात.
काहीजण अजून त्या घरावरून जाताना
पलीकडच्या फुटपाथवर होतात.

गेल्या हिवाळ्यात त्याचा नातू आला.
म्हातारा, टोपी हातात.
वही बघितली, तीन डॉलर टेबलावर ठेवले,
चहाही न घेता गेला.
रेघ मी मारायची का?
माझ्याजवळ पेन होतं.
नाणी अजून वहीवर आहेत,
मी धूळ पुसताना ती उचलते
आणि जिथली तिथं ठेवते.

आता गोदीत फ्लॅट आहेत.
जाहिरातीत लिहिलंय, ‘जुन्या बंदराचा सुगंध’.
मी मोठ्यानं हसले, बसस्टॉपवर, एकटीच.

मुलांना यातलं निम्मं सांगते.
बाकीचं त्यांच्या बाईंना चालत नाही.
सव्वातीनची बोट भोंगा देते,
सगळी उतारावरून सुसाट.
एक मुलगी मात्र भिंतीपाशीच,
खरवडून काढलेला तुकडा
थुंकी लावून, अंगठ्यानं दाबून
परत त्याच भोकात बसवतेय.
बसत नाही.
बोट सुटेल, मी म्हणते.
ती म्हणते, एक मिनिट.