मालक : १०४३

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’
ही म्हण आमच्यापुरती खरी झाली
सर्व्हर तिकडे भाड्यानं घेतला तेव्हा.
यंत्र तिकडच्या गारठ्यात,
आणि मी वसमत रोडला, पंक्चरच्या दुकानावर,
कूलरमध्ये तिसरी बादली ओततोय.

रात्री डिस्क काठोकाठ भरली.
खात्यांच्या फायली नव्यानं लिहायला बसलेल्या सर्व्हरनं
नावं तेवढी ठेवली, आतलं पुसून टाकलं.
एकोणचाळीस फायली. प्रत्येकी शून्य बाइट.

सायटी मात्र चालूच.
डाळमिलचे भाव दिसत होते,
नुसरतबाजींच्या शिवणक्लासचा फॉर्म उघडत होता.
कुठलं खातं कुणाचं, जागा किती, विचारावं तर
खिडकी उघडी
आणि तलाठी जेवायला गेलेला.

मंगळवारच्या बॅकअपमधून एकतीस निघाल्या.
सहा जुळवल्या अपाचीच्या नोंदींवरून,
डोमेन इथून, आयपी तिथून,
एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
एकीसाठी रात्री अडीचला दुधाट्यांना उठवलं.
‘कोन बोलायलंय?’
‘काका, तुमचा ईमेल कोणता?’
‘पोराला म्हाईत. लाइट गेली का तुमची?’
नाही म्हणालो. ते तरी जागेच राहिले,
दहा मिनिटं हरभऱ्याचं बोलले.

उरली एक.
फोल्डरवर मालकाच्या जागी नुसता आकडा, १०४३.
आत चारशे फोटो, सगळे बारवांचे,
वालूर, सेलू, जिंतूरकडच्या,
प्रत्येकाखाली पायऱ्यांची संख्या आणि पाण्याची खोली, हातांत मोजलेली.
खातं उघडलं होतं मुबीननं, भागीदारी मोडायच्या आधी.
बिल कधी गेलं नव्हतं.
मुबीनचा नंबर माझ्याकडे आहे.
लावला नाही.

नवी फाइल हातानं लिहिली.
संपर्क : ही ओळ रिकामी चालत नाही,
म्हणून माझाच पत्ता टाकला. दोनशे बारा बाइट.

सात वाजता लॉगमध्ये हालचाल.
एफटीपीचे पासवर्ड वेगळ्या कपाटात असतात, ते शाबूत होते;
तिथं नाव फक्त ‘कॅमेरा’.
एक फोटो आला, मग कनेक्शन बंद.
रात्री काय झालं याचा त्या माणसाला पत्ताही नाही.

फोटोखाली लिहिलंय, पायऱ्या बत्तीस.
मी दोनदा मोजल्या, एकतीसच भरतात.
एक पाण्याखाली असेल.