दारावरची चिठ्ठी

डिसेंबरअखेर टेलिफोन कंपनी
माझा ईमेलचा पत्ता बंद करणार आहे.
एकवीस वर्षांचा. तसं पत्र आलं,
कागदावर, टपालाने. मला हसूच आलं.

तावेत म्हणाला, आत्या, आता स्वतःचं नाव घे.
कंपन्या बुडोत, विकल्या जावोत,
तुझं पत्र तुझ्याच दारात येईल.

कुरेसारेला नोव्हेंबरात चारलाच अंधार.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचा लॅपटॉप,
माझी पियानो जुळवायची हत्यारं, काळा पाव,
आणि आम्ही दोघं नाव शोधतोय,
जणू या घरात मूल जन्मणार आहे
माझ्या अडुसष्टाव्या वर्षी.

आधी आडनाव टाकून बघितलं. कोइव, म्हणजे बर्च.
त्यातल्या ओच्या डोक्यावर एक लाट असते.
तालिनच्या कुठल्या लाकूडवाल्यांनी ते कधीच घेतलंय.
फळ्या विकणाऱ्यांनी झाड घ्यावं, बरोबरच आहे.

तसा आमचाही त्यावरचा हक्क फार जुना नाही.
पहिलं आडनाव जर्मन जमीनदाराने दिलं,
एका दुपारी, अख्ख्या गावाला,
गुरांना डागतात तसं.
मग छत्तीस साली आजोबा कचेरीत गेले
आपल्या भाषेतलं नाव मागायला.
कारकून होता दूर व्होरूकडचा,
त्याला त्याच्या गावचं झाड आठवलं.
आजोबांनी सही केली, पायऱ्या उतरले
आणि मग पहिल्यांदा नाव उच्चारून बघितलं.
तो लाटवाला ओ आमच्या बेटावर कुणाला जमत नाही.
जीभच वळत नाही.
आयुष्यभर ते स्वतःचं आडनाव चुकीचं सांगत राहिले
आणि ऐकणारे बरोबर लिहून घेत राहिले.

संगणकाला लाट चालते म्हणे, पण कुरकुरत.
ती काढली की उरते कोइ, म्हणजे कसर,
लोकर खाणारी, आणि मागे लोंबणारा एक व.
नको. मेलेल्या तारेसारखा वाजतो तो शब्द.

मायमूपियानो. मायमूसूर. मायमू, आडवी रेघ, सारेमा.
आडवी रेघ नको, मी म्हटलं.
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एंदेल ऐंशीचा आहे,
एका कानाने ऐकतो.
त्याला फोनवर आडवी रेघ सांगून दाखव.

प्रत्येक नाव मी मोठ्याने म्हणून बघितलं,
एकेक पट्टी एकटी वाजवते तसं,
शेजारच्या सुरांचा आधार काढून.
लांब नावं मध्येच बसली. गोड नावांची लाज वाटली.
एक आवडलं, त्याची किंमत बाराशे युरो.
कुणीतरी नुसतं अडवून ठेवलंय,
रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकावा तसं.

साडेसहाला शेजारची व्हैके अंडी घेऊन आली.
घंटा वाजवली नाही. घंटा ब्याऐंशीपासून बंद आहे.
दारावर वडिलांच्या हातची चिठ्ठी आहे,
शाई उडाली की मी अक्षरं गिरवते:
कोपुता. म्हणजे, ठोठवा.

तावेतने माझ्याकडे बघितलं.
को, पु, ता.
लाट नाही, टिंब नाही,
एका कानालाही पुरेल.
आणि मोकळं होतं! इतकी वर्षं
दाराबाहेर थंडीत उभं होतं आणि कुणी नेलं नव्हतं.

पैसे भरताना खाली बारीक अक्षरात:
नाव विकत मिळत नाही. वर्षाच्या भाड्याने मिळतं.
तावेत ओशाळला, जणू त्यानेच फसवलं.
अरे, आमच्याकडे तसंच चालत आलंय, मी म्हटलं.

किती वर्षांचं घेऊ? दहा?
मी मनात बेरीज केली. त्यानेही केली असावी,
कारण उगाचच त्याने भरल्या कपात चहा ओतला.
सात घे. पियानोला सात सप्तकं असतात,
आणि वर थोडं.
ते वरचं तू बघ.

रात्री एंदेलला फोन करून पत्ता सांगितला.
मायमू, मग शेपूट गुंडाळलेला तो ए, मग कोपुता.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग पलीकडून, बहुतेक टेबलावर, बोटाचे
तीन ठोके ऐकू आले.

तिसरा जरा उशिरा पडला.
तसाच राहू दिला.