खरी नक्कल

शहाण्यानं चढू नये म्हणतात ती कोर्टाची पायरी
आमच्या हॅल्व्हर काउंटीत खाली उतरते.
तेरा पायऱ्या, मग काचेची खिडकी, मग मी.
वरच्या मजल्यावर न्याय होतो,
तळघरात त्याचे कागद राहतात.

फेब्रुवारीतला मंगळवार.
बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ,
हातमोजा दातांनी ओढून काढत बाई म्हणाली,
"माझ्या वडिलांचा एक दावा होता. बघायचाय."
नंबर?
नंबर नव्हता.
साल?
"ज्या वर्षी बीट शेतातच कुजले, ते."
इथल्या माणसांना साल असंच आठवतं, माझी तक्रार नाही.
पण नोंदवहीत बीट कुजत नाहीत.
तिथे नुसती आडनावं, वर्णानुक्रमे,
भांडलेले आणि न भांडलेले एकाच ओळीत.

मी फॉर्म पुढे सरकवला.
दिवाणी की फौजदारी?
"जमिनीचा."
म्हणजे दिवाणी.
वडील वादी की प्रतिवादी?
पेन थांबलं.
"ज्यांच्यावर अन्याय झाला, ते."
मी म्हटलं, बाई, तसा रकाना नाही.

ती हसली नाही. मग थोडी हसली.
रॅग्ना ब्रेक्के, असं तिनं नाव लिहिलं,
सुबक, प्रत्येक अक्षर सुटं.
काकानं आम्हाला कोर्टात खेचलं, म्हणाली,
जेवणाच्या टेबलावर हे इतक्यांदा वाढलं गेलं होतं
की कुणी चाखून पाहत नव्हतं.

म्हणून मी प्रतिवादींची वही काढली.
एवढ्या जुन्या गोष्टी संगणकात नाहीत,
त्या दोन हातांनी उचलाव्या लागतात.
बोट फिरवत गेले: ब्राटन, ब्रेडेसन,
ब्रेक्के.
एकच.
टिलमन.
तिचा काका.
मग वादींची वही उघडायला घेतली,
आणि ती उघडायच्या आधीच
आम्हा दोघींना कळलं होतं.

ऑर्विल ब्रेक्के विरुद्ध टिलमन ब्रेक्के.
मिसल सात पानांची. सुतळी हात लावताच तुटली.
पाण्याच्या चराचं तोंड सात फूट सरकवलं, एवढंच प्रकरण.
बांध कुठल्याही मुलखातला असो,
कोरणारा हात भावाचाच असतो, असं भावालाच वाटतं.
शेवटचं पान: उभयतांच्या संमतीनं दावा काढून घेतला,
खर्च ज्याचा त्यानं सोसावा.
दाखल केल्यापासून अकरा आठवडे.

"अकरा आठवडे?" ती म्हणाली.
"बोलणं तर एकेचाळीस वर्षं बंद होतं.
त्याचा हुकूम कुठेय?"
मी पान उलटलं, उगाच. मागे काही नव्हतं.

मग पाकिटातून निघाली निशाणी ब.
शेताचा नकाशा, वहीच्या कागदावर,
चर निळ्या खडूनं, बाजूला एक मोठा कावळा
ज्याचा खटल्याशी संबंध नव्हता.
दोन घरं. दोन्ही धुराड्यांतून धूर.
खाली नावं, प्रत्येक अक्षर सुटं.
मी फॉर्मकडे पाहिलं, मग नकाशाकडे, मग तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"शाळेसाठी आहे म्हणाले होते,"
बऱ्याच वेळानं ती बोलली.
"मी म्हटलं, काकाचं घर जरा तिरकं आलंय,
पुन्हा काढते. म्हणाले, राहू दे. चालेल."

साधी प्रत पानाला एक डॉलर.
शिक्क्याची खरी नक्कल चौदा.
कशाची देऊ, हुकुमाची?
तिनं नकाशावर बोट ठेवलं.

आमचं यंत्र काळं-पांढरं.
निळा चर राखाडी आला, कावळा तेवढा जसाच्या तसा.
मुळाबरहुकूम खरी, असं मी लिहिलं,
शिक्का दाबला, सही केली, तारीख घातली.
"दोन द्या," ती म्हणाली.
दुसरी कुणासाठी, हे आमचा फॉर्म विचारत नाही.

ती गेल्यावर मिसल बांधायला सुतळी शोधली,
मिळाली नाही.
रबर लावलं.