रात्रीची लाईन

या आठवड्यात शेतीची लाईन रात्री बाराला येते.
म्हणून आम्ही जागे असतो.
हॉकीसाठी नाही,
हे आधीच सांगून ठेवतो.

मोटार टाकायची, गव्हाच्या वाफ्यात पाणी सोडायचं
अन् वाफा भरेस्तोवर
अंबादासच्या डेअरीच्या ओट्यावर येऊन बसायचं.
क्रिकेटच्या भावात आता राम राहिला नाही,
कबड्डी संपली,
मग अंबादासच्या मोबाइलवर या पोट्ट्या आल्या,
पृथ्वीच्या पलीकडल्या अंगाला, भर संध्याकाळी,
निळ्या मैदानावर.
गवत निळं!
बाजीरावनं दोनदा काच पुसली.
खेळ सुरू व्हायच्या आधी तिकडे
मैदानालाच पाणी देत होते, मोठमोठ्या फवाऱ्यांनी.
"त्याइची लाईन दिवसा येते वाटते," बाजीराव म्हणाला.

हिशेब दुधाच्या वहीत.
शंभर म्हणजे एक लिटर.
भारत गाय, समोरचे म्हैस.
त्या रात्री मी चार लिटर म्हैस लावली
आणि कोणाशी नजर मिळवली नाही.

चारला शेवंता उईके आली, फॅट काढायला.
आश्रमशाळेत असताना ती गोलात उभी राहायची,
हे गावाला माहीत आहे, जसं
कोणाच्या विहिरीला किती पाणी ते माहीत असतं.
स्वेटरच्या बाह्या वर करत तिनं मोबाइलमध्ये डोकावलं.
"हा मैत्रीचा सामना हाये बावाहो.
यात जिंकत नसतात.
यात नव्या पोट्ट्याइले उभं करून पाहतात."
"मंग आमी कशावर लावलं?"
"तिच्या भेवावर," शेवंता म्हणाली,
आणि नळ्या मांडायला लागली.

मग नळी हलवता हलवता, आमच्याकडे पाठ करून :
"आमीबी खेळलो असा एक, बैतूलच्या शाळेसंग.
सराइची अन् त्याइच्या सराइची कोंबड्यावर लागली होती,
मी किती गोल खाईन त्याच्यावर.
पॅड एकाच पायाले.
दुसऱ्याले बोरा बांधला होता, तुरीचा.
आपल्या सरानं सहा म्हटलं होतं.
मी पाचच खाल्ले.
आठ दिवस बोलले नाही माह्यासंग."

कोणी हसलं असेल. मी नाही.

चौथा डाव. एक-एक.
दीड मिनिट उरलं आणि म्हशीला पेनल्टी कॉर्नर.
आपल्या चार जणी जाळीचे मुखवटे चढवून रेषेवर वाकल्या,
पाचवी मधोमध, गोलरक्षक, नंबर एकेचाळीस,
नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं,
भाव मात्र तोंडपाठ.
शेवंतानं नळी ठेवली.
ओट्यावर, आमच्या मागे, तिचे गुडघे वाकले,
मी वळून पाहिलं म्हणून सांगतो.
चेंडू आला तो दिसलाच नाही.
दिसला फक्त एक डावा पाय,
लांब, आणखी लांब,
आणि आवाज, लाकडी फळीवर दगड बसावा तसा.

भोंगा वाजला.
बरोबरी.
मैत्रीत पुढं काही नसतं, तिथंच सोडून देतात,
मुली एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या, दोन्हीकडच्या.
अंबादासनं वही मिटली.
गायही गेली, म्हैसही गेली,
सगळं दूध दारव्ह्याच्या लाईनवाल्याचं.
"हाय माय," एवढंच शेवंता म्हणाली,
आणि टाळी वाजवली, एकच,
हाताला ॲसिडचा वास असेल.

तेव्हा मला वाफा आठवला.

धावत गेलो.
पाणी धुरा फोडून देवरावच्या वावरात शिरत होतं,
अंधारात त्याचा आवाज
खुशीत असल्यासारखा.
फावडं ओट्यावरच राहिलेलं.
मी फुटलेल्या जागी उभा राहिलो,
डावा पाय आडवा टाकला,
पोटरीपर्यंत गार.
थोडं अडलं.
थोडं गेलंच.