पिग्मी

सकाळी उपाशीपोटी एकशे अठ्ठ्याऐंशी.
आकडा मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहितो,
त्याच पेनानं, ज्यानं दिवसभर लोकांचे
वीस, पन्नास, शंभर मांडत हिंडतो.

बावीस वर्षं. वडगाव, खासबाग, शहापूर.
स्कूटरचा आवाज ऐकून माणसं गल्ल्याकडे वळतात.
नीलव्वा मागाच्या खडखडाटावर ओरडते,
"ऊटा आतेन्री, कडोलकर?"
"आत्री," मी ओरडतो.
झालेलं नसतं.

श्रावण सरता सरता गौससाबनं विचारलं,
सुईत दोरा ओवता ओवता, वर न बघता,
"सोसायटी बुडालालीय म्हणतेत, खरं काय गा?"
"छे," म्हटलं मी.
आणि कोपऱ्यावर पावशेर कुंदा घेतला,
उभ्या उभ्या संपवला, कागदावरनं, बोटानं निपटून.
तोवर गोड मला फारसं आवडत नव्हतं.

मग चहा.
आधी सहज नको म्हणता यायचं.
आता नको म्हटलं की बायका एकमेकींकडे बघतात,
चहा नाकारतोय, म्हणजे ह्याला काहीतरी ठाऊक हाय.
म्हणून मी पितो.
अकरा घरं, अकरा कप,
तळाशी न विरघळलेली साखर.
कप उपडा केला
की त्यांना थोडा धीर येतो.

चेअरमनचा फोन लागत नाही.
दुपारचा डबा डिकीत तसाच.
तिसऱ्या गेटला मालगाडी जाईस्तोवर
भडंगाचा पुडा कधी फोडला, कधी संपला,
हाताला तेल लागलेलं दिसलं तेव्हा कळलं.

रात्री घरात चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून
गूळ दातानं तोडतो, अंधारात, ओट्याला टेकून.
मालन जागी असते.
कूस बदलत नाही, त्यावरनं मला कळतं.
सकाळी डबा हलवून बघते,
बोलत काही नाही, डबा वरच्या फळीवर ठेवते.
माझा हात पोचतो तिथं. हे तिलाही माहीत आहे.

मंगळवारी मी ठरवून काही खाल्लं नाही.
एक भाकरी सकाळी, एक रात्री, बिनगुळाचं सगळं.
त्या दिवशी सोसायटीच्या दारावर नोटीस लागली,
कन्नडमध्ये. मी चौघांना मराठीत सांगितली,
शेवटचं वाक्य गाळून.
बुधवारी सकाळी दोनशे चौदा.

डायरी घेऊन मी भांडायला गेल्यासारखा गेलो.
"मॅडम, खाल्लं नव्हतं हो काही.
फक्त ऐकलं होतं."
हुद्दार डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, घाबरलं की लिव्हर
साठवलेली साखर रक्तात सोडतं,
पळायला लागली तर असावी म्हणून.
"तुम्ही पळता कुठं?"

मी कुठं पळणार.
पायरीवर बसून बराच वेळ
त्या लिव्हरचा विचार केला.
कुणी पावती दाखवली नाही, रांग लावली नाही,
तरी सगळी ठेव परत करतंय बिचारं,
मध्यरात्रीसुद्धा.

काल नीलव्वानं विचारलं, नेहमीचंच.
माग नेमका बंद होता, वीज गेलेली,
त्या शांततेत खोटं ओरडता येईना.
"इन्ना इल्लरी," म्हटलं.
ती उठली.
अर्धी भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा.
मी सुताच्या कोनांमध्ये बसून जेवलो, सावकाश,
किती महिन्यांनी भाजीला चव लागली.
तिच्या पोरीच्या लग्नाचे एक्केचाळीस हजार
माझ्या हस्ताक्षरात आहेत.
तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं,
नोटिशीतलं ते शेवटचं वाक्य.

ती बराच वेळ रिकाम्या धोट्याकडे बघत राहिली.
मग पाणी दिलं.
पन्नास मात्र दिले नाहीत,
मीही मागितले नाहीत.

आज एकशे एकोणसत्तर.
यावरनं मी काही ठरवत नाही.
शेवटच्या पानावर आकडा लिहिला,
आणि पुढच्या बाजूला, तिच्या नावासमोर,
कालचा रकाना कोरा.