दरवाजा क्रमांक तीन

एकतीस वर्षं मी धरणाचे दरवाजे उघडले, मिटले.
सेंटिमीटरमध्ये.
वरून फोन यायचा : तीन नंबर, चाळीस.
मी भोंगा वाजवायचो, अकरा मिनिटं थांबायचो
खाली वाळूतली पोरं, खेचरं, लाकडं गोळा करणाऱ्या बाया
वर चढेपर्यंत.
मग बटण.

निवृत्त झालो आणि झोप गेली.
रात्री दोनला भोंगा, कानाच्या आतून.
कौशी म्हणाली, नदीपल्याड बिंदरी माईकडे जा,
निदान श्वास घ्यायला तरी शीक,
साठ वर्षांचा झालास.

पत्र्याची खोली, दोन शेळ्या,
उंबऱ्यावर वाळत घातलेली नाचणी.
माई म्हणाली, हात दाखव.
मी तळवा पुढं केला. तिनं रेषा पाहिल्याच नाहीत,
अंगठा पाहिला,
बटणावर चपटा झालेला.

महिनाभर नुसता मंत्र.
तो सांगणार नाही, कानात दिलेला आहे.
दोनच अक्षरं,
एक आत येताना, एक बाहेर जाताना.
मी मोजत बसायचो : चाळीस, पंचेचाळीस, पन्नास.
माई शेळीचं दूध काढता काढता ओरडायची,
"सोबनसिंगा, मीटर बंद कर.
वीज विकायचीय का तुला?"

मग एका पहाटे, रिकाम्या पोटी, बंध.
"सगळा श्वास सोड. सगळा. अजून आहे, तोही सोड.
आता मान खाली घाल."
ते मला येत होतं.
भरपाईच्या कागदांवर सही करताना
मान अशीच खाली होती, हनुवटी अशीच छातीवर,
आणि मागं बाप उभा होता, काही न बोलता.

"पोट पाठीला लाव."
तेही येत होतं, माई.
नव्या वसाहतीतला पहिला हिवाळा,
रेतीच्या जमिनीत काही उगवलं नाही तेव्हा
सगळ्या घराचंच पोट
पाठीला लागलं होतं.

"आता मूळ आवळ."
इथं मी अडलो.
कुठलं मूळ?
अक्रोडाचं झाड, घराटाची जाती, आईचं चुलाण,
सगळं दोनशे फूट पाण्याखाली,
आणि त्या पाण्याची किल्ली
पगारावर माझ्या खिशात.

माई काही बोलली नाही.
शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली,
मग म्हणाली, ज्येष्ठात ये.

ज्येष्ठात तलाव उतरतो.
काठावर गाळाचे पट्टे, वर्षांसारखे,
आणि त्याच्याही खाली, चार-पाच दिवसांपुरतं,
आमचं शिवार.
मी चपला हातात घेऊन उतरलो.
गाळ गुडघ्यापर्यंत.
अक्रोडाचं खोड काळं पडलेलं, पण उभं.
घराटाचा एक दगड सापडला, त्यावर बसलो.
बापाच्या पिठाचा दगड.
बूड गार पडलं.

श्वास सोडला. सगळा. होता तोही.
मान, पोट,
आणि या वेळी मूळ कुठं आहे हे विचारावं लागलं नाही,
मी त्याच्यावरच बसलो होतो.
थांबलो.
किती, ते माहीत नाही.

मग सवयीनं, आत कुणाकुणाला वर चढता यावं म्हणून,
आणखी थोडं थांबलो.
बाप चढला. आई चढली, कडेवर कोकरू.
वाळूतली ती बाईही, जिच्यासाठी एका पावसाळ्यात
भोंगा नऊच मिनिटं वाजला होता.
(हे मी कौशीला सांगितलेलं नाही.)

सोडलं.
एकदम नाही. चाळीस सेंटिमीटर, मग पूर्ण.
काय आलं ते लिहीत नाही,
पण पलीकडच्या कड्यावरचा गुराखी
हातातली काठी तशीच धरून
बराच वेळ माझ्याकडं बघत होता.

संध्याकाळी माईकडे गेलो, पाय गाळानं भरलेले.
"किती सुटलं?" तिनं विचारलं.
"मोजलं नाही."
तिनं भाकर दिली, वर मिठाचा खडा.
शेळी माझ्या अंगठ्याला चाटत होती.